कुकी पुसून काय होणार? आधी आपल्याच वेबसाइटकडे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या रविवार पुरवणीत इंटरनेटवर प्रायव्हसी कशी जपायची यावर अर्धं पान आलं होतं. कुकीज पुसत जा, ब्राउजरची इनकॉग्निटो खिडकी वापरा, व्हीपीएन (म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत इंटरनेट) घ्या, अनोळखी लिंक उघडू नका. लिंकचं सोडा, ते बरोबरच आहे. पण बाकीच्या तीन गोष्टी वाचून माणूस निर्धास्त होतो आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं, कारण ब्राउजर फिंगरप्रिंटिंग नावाच्या प्रकारापुढे त्यांचा फारसा उपयोग नाही, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो. जागा नसेल तर मधलं खुशाल कापा पण शेवटी तुमच्या वेबसाइटबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका, पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय.

मी अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, प्रबंध, गणेश मंडळांचे अहवाल, क्लासवाल्यांच्या नोट्स असलं सगळं. कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे नाही, पण दिवसभर अक्षरं आणि पिक्सेल यांच्यातच असतो त्यामुळे हा विषय मला जरा जवळून दिसला, कसा ते पुढे येईलच.

तर कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउजरमध्ये ठेवलेली बारीकशी नोंद. ती तुमच्या मशीनवर असते म्हणून तुम्हाला पुसता येते. फिंगरप्रिंटिंगमध्ये, म्हणजे कुकीशिवायच तुमचं मशीन ओळखायच्या पद्धतीत, तुमच्या मशीनवर काही ठेवतच नाहीत. आणि बोटाच्या ठशाशी, आधारशी याचा काही संबंध नाही, गिऱ्हाईकांना सांगताना हे पहिलं सांगावं लागतं. पान उघडलं की त्यातली स्क्रिप्ट ब्राउजरला प्रश्न विचारत सुटते, स्क्रीन केवढी, व्हर्जन कोणतं, प्रोसेसरचे कोअर किती, टाइमझोन काय, भाषा कुठली लावलीय, ग्राफिक्स कार्ड कोणतं, टचस्क्रीन आहे का. ब्राउजर बिचारा भोळा, सगळी उत्तरं देतो, कारण यातली बरीचशी माहिती पान नीट दिसावं म्हणून लागतेच. एकेक उत्तर बघाल तर काहीच विशेष नाही, तसली स्क्रीन हजारोंकडे असते. पण सगळी एकत्र केली की तेवढंच जुळणारं मशीन दुसरं सापडत नाही. सोसायटीचा जुना वॉचमन कोण आलं ते अंधारात नुसत्या चपलेच्या आवाजावरून सांगतो ना, रजिस्टरमध्ये नाव लिहायला न लावता, तसलाच प्रकार. रजिस्टर तुम्ही कितीही वेळा फाडा, त्याला काय फरक पडतो.

आता माझ्या कामाचा भाग. फॉन्ट. माझ्या मशीनवर श्रीलिपीचे आहेत, सी-डॅकच्या आयएसएमचे आहेत, कृतिदेव आहे, कोरल आणि अ‍ॅडोबीबरोबर आलेले ढीगभर इंग्रजी आहेत, शिवाय गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये आणतं ते वेगळेच. वेबसाइटला ही यादी सरळ मागता येत नाही, परवानगी विचारावी लागते. मग स्क्रिप्ट काय करते तर पानावर तुम्हाला दिसणार नाही अशा जागी एक निरर्थक ओळ लिहिते, पुष्कळसे इंग्रजी एम, मग दोन एल आणि एक आय, म्हणजे रुंद आणि अरुंद अक्षरं दोन्ही आली. आधी ही ओळ साध्या फॉन्टमध्ये मोजायची, किती पिक्सेल रुंद झाली. मग ब्राउजरला म्हणायचं हीच ओळ अमुक फॉन्टमध्ये लिही. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर ब्राउजर गुपचूप साधाच वापरतो आणि रुंदी तेवढीच येते. रुंदी बदलली की समजायचं फॉन्ट आहे. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, यादीत असतील तेवढे, आणि हे सगळं तुम्ही हेडलाइन वाचेपर्यंत उरकलेलं असतं. मी आयुष्यभर अक्षरांची रुंदी मोजून ओळी बसवत आलोय, पण याचा असा उपयोग होईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं! त्यांच्या यादीत श्रीलिपी असेलच असं नाही, पण अ‍ॅडोबीबरोबर येणारे फॉन्ट अशा याद्यांत असतात, तेवढ्यावरून हा माणूस छपाई-डिझाइनवाला आहे हे कळायला पुरे.

त्याचाच मोठा भाऊ म्हणजे कॅनव्हास. इथे स्क्रिप्ट एक लपवलेलं चित्र काढायला लावते, थोडी अक्षरं, एखादा रंगीत चौकोन, एखादा इमोजी, आणि मग ते चित्र पिक्सेल पिक्सेल करून परत वाचते. तुम्ही म्हणाल सगळ्यांकडे सारखंच चित्र येणार. नाही येत. ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीम अक्षरांच्या कडा कशा गुळगुळीत करते, यावर कडेच्या पिक्सेलच्या छटा किंचित बदलतात. डोळ्याला कळणार नाही पण बेरीज केली की आकडा वेगळा येतो. एकच फाइल दोन मशीनवर उघडली की अक्षराची जाडी वेगळी वाटते, हे ज्याने प्रिंटिंगमध्ये काम केलंय त्याला सांगावं लागणार नाही. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि बेल्जियममधल्या लवेन विद्यापीठाच्या लोकांनी जगातल्या वरच्या १ लाख वेबसाइट तपासल्या तेव्हा ५ टक्क्यांहून जास्त साइटवर हे चालू सापडलं होतं. त्याला आता किती वर्षं झाली.

ह्याने माणूस खरंच ओळखू येतो का, तर गणित बघा. नुसत्या हो-नाही उत्तराचे २३ प्रश्न नीट निवडून विचारले तर ८३ लाखांतून एक जण वेगळा काढता येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे आता वाढली धरली तरी २३-२४ प्रश्नांत विषय संपला. सगळ्या जगाला ३३ पुरतात. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउजर तपासले तर ८३.६ टक्के अगदी एकमेव निघाले आणि त्यांच्या हिशोबाने एकटा ब्राउजरच १८ प्रश्नांएवढी माहिती देऊन टाकत होता. त्यांची तपासणी आजही फुकट आहे, कव्हर युवर ट्रॅक्स नावाने, कुणीही करून बघा. माझ्या कामाच्या मशीनचा निकाल काय आला ते सांगायची गरज नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल घाबरवतोय. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये २० लाखांवर फिंगरप्रिंट तपासले तेव्हा एकमेव निघाले ते ३३.६ टक्के, आणि मोबाइलचे तर फक्त १८.५ टक्के, कारण एकाच मॉडेलचे लाखो फोन असतात आणि त्यात कुणी श्रीलिपी टाकत बसत नाही. म्हणजे फोनवाला थोडा गर्दीत लपतो. पण ट्रॅकिंगवाले नुसत्या फिंगरप्रिंटवर थांबत नाहीत, त्यात तुमचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर मिळवतात, एखाद्या साइटवर लॉगिन केलंत तर ते मिळवतात, आणि मग गर्दी विरळ होत होत तुम्ही एकटे उरता.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. ब्राउजरची भाषा मराठी ठेवली की तो प्रत्येक वेबसाइटला सांगतो, या माणसाला आधी मराठी पाहिजे. चांगलंच आहे. पण जगाच्या गर्दीत मराठी लावणारे थोडे, म्हणजे आपण आपली भाषा वापरली की आपला गठ्ठा लहान होतो आणि ओळखू येणं सोपं होतं. म्हणून मराठी काढून इंग्रजी लावा असं मी मेलो तरी सांगणार नाही, पण हे असं आहे.

इनकॉग्निटोचं म्हणाल तर ते घरातल्या माणसांपासून लपायला. खिडकी बंद केली की हिस्ट्री आणि कुकी जातात, पण स्क्रीन तीच, ग्राफिक्स कार्ड तेच, घरचं वायफाय तेच. इनकॉग्निटोमध्येसुद्धा डेटा गोळा होतो म्हणून अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये दावा लागला आणि २०२४ मध्ये गूगलने तडजोडीत तो जुना डेटा नष्ट करायचं कबूल केलं. आणि २०२५ च्या जूनमध्ये तर संशोधकांनी दाखवून दिलं की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅप गुपचूप कान लावून बसायची आणि तुम्ही ब्राउजरमध्ये ज्या साइटवर जाल तिथला मेटाचा, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीचा कोड फोनच्या आतल्या आत त्यांना खबर द्यायचा, इनकॉग्निटो असो नाहीतर कुकी पुसलेल्या असोत. रशियाच्या यांडेक्स कंपनीचं तेच. बोभाटा झाल्यावर मेटाने बंद केलं. बोभाटा झाला नसता तर?

व्हीपीएनने फक्त आयपी बदलतो, वर सांगितलेलं एकही उत्तर बदलत नाही. शिवाय सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटातल्या व्हीपीएनचा धंदा कशावर चालतो हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आणि तो माइकचा विषय. आमच्याकडे चहाला दोन माणसं जमली की तिसरा सांगतोच, अहो आम्ही नुसतं बोललो पुनावळ्याला फ्लॅट बघू आणि लगेच फ्लॅटची जाहिरात, फोन ऐकतो म्हणजे ऐकतोच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने १७ हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप तपासली, चोरून माइक चालू करणारं एकही सापडलं नाही. काही अ‍ॅप स्क्रीनचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवत होती, ते मात्र सापडलं. ऐकायची गरजच काय हो, घरातल्या कुणीतरी त्याच वायफायवर पुनावळ्याचे रेट शोधलेले असतात, तुम्ही दोघं रविवारी तिकडे चक्कर मारून आलेले असता आणि लोकेशन चालू असतं, एवढं पुष्कळ झालं. माइक ऐकतो हे मानणं सोपं पडतं कारण मग माइकला चिकटपट्टी लावून मोकळं होता येतं.

मोठ्या कंपन्यांचं वागणं बघा. गूगलनेच २०१९ मध्ये लिहिलं होतं की फिंगरप्रिंटिंग चुकीचं आहे, कारण कुकी पुसता येते आणि हे लोकांना पुसता येत नाही. तेच गूगल २०२४ च्या डिसेंबरमध्ये म्हणालं की जाहिरातदारांवरची आमची याबाबतची बंधनं सैल करतो, आणि १६ फेब्रुवारी २०२५ पासून केलीसुद्धा. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने याला सरळ बेजबाबदार म्हटलं. गूगलच्या क्रोम ब्राउजरमधल्या थर्ड पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर तिसऱ्याच कुणाच्या, जाणार जाणार असं २०२० पासून ऐकत होतो, तुमच्याकडेही छापून आलं असेल. २०२४ च्या जुलैमध्ये ते बारगळलं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कायमचंच गुंडाळलं. फायरफॉक्सने ओळखीचे ट्रॅकर २०१९ पासून आपणहून अडवायला घेतले, सफारीने २०२० मध्ये थर्ड पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. म्हणजे करता येतं. ज्याचं पोट जाहिरातीवर, त्याला जमत नाही.

फिंगरप्रिंट फक्त फसवणूक पकडायला वापरतात असंही सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. बँक नव्या मशीनवरून लॉगिन झालं की जास्तीचा ओटीपी मागते त्यामागे अशीच ओळख असते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२५ मध्ये टेक्सास ए अँड एम आणि जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तपासलं की ब्राउजरचा फिंगरप्रिंट बदलला तर जाहिरातींच्या लिलावातल्या बोली बदलतात का, आणि बदलल्या. म्हणजे जाहिरातीसाठी वापर होतोय.

लिलाव म्हणालो, तो थोडा समजून घ्या कारण तुमच्या वेबसाइटचा संबंध इथून सुरू होतो. वाचकाने बातमी उघडली की पानावरच्या रिकाम्या चौकोनासाठी तिथल्या तिथे लिलाव होतो. कोणता फोन, अंदाजे कुठे आहे, आयपी काय, कुठली बातमी वाचतोय, आयडी असेल तर आयडी, हे सगळं एक्स्चेंजमार्फत, म्हणजे जाहिरातींच्या ऑनलाइन बाजारामार्फत, बोली लावणाऱ्यांकडे जातं आणि सेकंदाच्या दहाव्या भागात ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात लागते. ज्याची बोली हरली त्यालाही माहिती मिळालेलीच असते, ही त्यातली मेख. आणि हे काही फक्त सातासमुद्रापार चालत नाही, लिलावाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पबमॅटिकचं मोठं इंजिनिअरिंग सेंटर आपल्या पुण्यातच आहे, आपल्यातलीच कुणाची तरी मुलं तिथे काम करतात. त्यांच्यावर राग नाही, नोकरी आहे. पण ज्या शहरात हे बनतं तिथल्या पेपरात यावर फक्त कुकी पुसा एवढंच येतं याचं वाईट वाटतं.

माणसाने करायचं काय, थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलखाली जाहिराती असा भाग असतो, तिथून जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला नंबर, डिलीट करता येतो, आज करा, काहीही बिघडत नाही. आयफोनमध्ये प्रायव्हसीखाली ट्रॅकिंग बंद करा. अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स टाकून त्यात यूब्लॉक ओरिजिन हे ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन बसवा, स्क्रिप्ट आलीच नाही तर विचारणार कोण. ब्रेव्ह ब्राउजर उत्तरं मुद्दाम थोडी बदलून देतो, तोही चालेल. टॉर ब्राउजर सगळ्यांना सारखंच दाखवायचा प्रयत्न करतो पण हळू चालतो आणि बऱ्याच साइट त्याला आत घेत नाहीत. बँक एका ब्राउजरमध्ये आणि टाइमपास दुसऱ्यात ठेवला तरी फरक पडतो, पुसला जात नाही पण एकत्र जोडायला अवघड जातं. एक मात्र करू नका, यूट्यूब बघून दहा-पंधरा एक्स्टेन्शन टाकू नका आणि मशीनची खोटी माहिती दाखवणारे उद्योग करू नका, त्याने तुम्ही आणखी वेगळे दिसता. हिंजवडीतला भाचा कितीही आग्रहाने सांगत असला तरी.

हे सगळं करूनही पूर्ण सुटका नाही आणि माझ्या आईसारख्या माणसाने हे करावं ही अपेक्षाच चूक आहे. तिला बातम्या वाचायच्यात, यूब्लॉक बसवायचं नाहीये.

म्हणून आता तुमच्याकडे येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणावं लागतंय त्याबद्दल क्षमा करा. तुमचा छापील पेपर मी लहानपणापासून वाचतो, त्याला मी कोणती बातमी किती वेळ वाचली, कुठल्या पानावर थांबलो, काही कळत नाही. त्याच पेपरची वेबसाइट उघडली की यूब्लॉकने अडवलेल्यांचा आकडा भराभर चढत जातो, एका बातमीला, आणि बातमी असते डीपी रस्त्यावरच्या खड्ड्याची. तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन एडीएस डॉट टीएक्सटी असं इंग्रजीत टाइप केलं की तुमच्या जागा कोणकोण विकू शकतं त्याची यादी उघडते, ती उघडीच असते, लपवलेली नाही. तुम्ही स्वतः एकदा बघा. ओळी संपता संपत नाहीत. यातली किती नावं तुमच्या संपादकीय विभागात कुणाला माहीत आहेत?

साइट उघडल्यावर खाली एक पट्टी येते, इंग्रजीत. मराठी पेपर, मराठी वाचक, आणि परवानगी इंग्रजीत मागायची. त्यावर ठळक बटण एकच, मान्य. नको म्हणायचं तर बारीक अक्षरातल्या लिंकवरून आत जायचं, तिथे आणखी एक पान, मग एकेक टिक काढायची. मी डिझाइनचं काम करतो हो, कुठलं बटण दिसावं आणि कुठलं दिसू नये म्हणून काय काय करतात ते मला शिकवू नका. फ्रान्सच्या डेटा आयोगाने २०२२ च्या जानेवारीत नेमकं एवढ्यासाठी गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला, की हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला अनेक. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये असल्या फसव्या डिझाइनचे १३ प्रकार ठरवून ते करू नका असं सांगितलंय.

आणि आता कायदा आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, त्यानंतर सहा वर्षांनी २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिने, म्हणजे मे २०२७. आपल्याकडे भुयारी मार्गसुद्धा यापेक्षा लवकर होतो असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. कायद्यात कुकी किंवा फिंगरप्रिंट असा शब्द कुठे नाही, पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती त्याची वैयक्तिक माहिती अशी व्याख्या आहे आणि माणूस ओळखायलाच तर हा सगळा खटाटोप चाललाय, त्यामुळे पळवाट काढणाऱ्याला जरा जोर लावावा लागेल. संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी, विनाअट हवी, आणि ती मागताना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. त्यात मराठी आहे. मोडलं तर एरवी ५० कोटींपर्यंत दंड, आणि आपण खोटी तक्रार केली तर आपल्यालाही १०,००० रुपयांपर्यंत, तेही लिहून ठेवलंय त्यांनी.

पण सगळ्यात महत्त्वाचं मुलांचं. १८ वर्षांखालच्यांचं ट्रॅकिंग करायचं नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं कायदा म्हणतो आणि तिथे दंड २०० कोटींपर्यंत आहे. आता दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यासमोर आणा. दरवर्षी १५ लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात, बहुतेक १५-१६ वर्षांची. बोर्डाची साइट निकालाला एक वाजता कोलमडते आणि पोरं मिळेल त्या लिंकवर जातात, त्यात तुमचं 'इथे पाहा निकाल' असतंच, कितीतरी जण बापाच्या फोनवरून, कितीतरी जण स्वतःच्या. तो बैठक क्रमांक टाकायचा चौकोन आणि त्याच्या चहूबाजूंनी क्लासच्या, कॉलेजच्या, लोनच्या जाहिराती, प्रत्येकामागे लिलाव. इतकी १६ वर्षांची पोरं एका दिवसात, एका पानावर, आणि ती १६ वर्षांचीच आहेत हे पानाच्या नावावरूनच कळतंय. दुसऱ्या कुठल्या पानावर तुम्ही म्हणू शकाल की वाचकाचं वय आम्हाला काय माहीत, इथे म्हणता येणार नाही. त्या पानावरून पुढच्या मे महिन्याआधी सगळे ट्रॅकर काढा, कायदा लागू असो नसो.

जाहिरात बंद करा असं मी म्हणत नाही, मीच तुमच्याकडे छोट्या जाहिराती देतो आणि कागदाचे भाव मला माहीत आहेत. पण छापील पेपरात शिक्षणाच्या पानावर क्लासची जाहिरात येते, वास्तूच्या पानावर बिल्डरची, त्यासाठी कुणाच्या मशीनची मोजमापं घ्यावी लागत नाहीत. बातमी बघून जाहिरात लावा, माणूस बघून नको. नेदरलँड्सच्या सार्वजनिक टीव्हीने २०२० मध्ये ट्रॅकिंगच्या जाहिराती बंद करून असंच केलं, त्यांचं उत्पन्न घटलं नाही, वाढलं. न्यूयॉर्क टाइम्सनेही २०१८ नंतर युरोपात असंच केलं आणि त्यांचंही काही बिघडलं नाही. तुमचा मार्केटिंगवाला म्हणेल तिकडचं वेगळं, इकडे चालत नाही. त्याला सांगा, एका पुरवणीपुरतं करून बघ. लक्ष्मी रोडच्या साडीवाल्याला तुमचं मुख्य पान वाचणारी बाई हवी असते, तिचं ग्राफिक्स कार्ड कुठलं हे घेऊन तो काय करणार.

तर एवढंच मागणं आहे. ती खालची पट्टी मराठीत करा आणि 'नको'चं बटण 'मान्य'एवढंच मोठं, त्याच ओळीत ठेवा, दोन्ही एकाच फॉन्टमध्ये, लागलं तर मी बसवून देतो, पैसे नकोत. एडीएसच्या यादीतली जी नावं कुणालाच ओळखीची नाहीत ती उडवा. निकालाची पानं कोरी ठेवा. आणि साइटच्या तळाला या विषयाची तक्रार कुणाकडे करायची त्याचा मेल आणि फोन द्या, मराठीत उत्तर देणारा माणूस असलेला. सध्या तिथे एक मेल आयडी आहे, त्यावर मी लिहिलं होतं, 'आपला मेल महत्त्वाचा आहे' असं आपोआप उत्तर आलं, इंग्रजीत, आणि खाली दोन जाहिराती.

आपला,
एक डीटीपीवाला
बुधवार पेठ, पुणे